कॉल, टोपडं आणि आजीची पाणमोट

गेला आठवडाभर रिलीज होतं. रोज रात्री साडेअकरापर्यंत कॉल. एक संपला की दुसरा. म्हणून शनिवारी ठरवूनच टाकलं की आज काहीही झालं तरी एकही कॉल घ्यायचा नाही. फोन सायलेंट केला, चहा करून घेतला आणि बरेच महिने कपाटात धूळ खात पडलेलं 'डेव्हिड कॉपरफील्ड' काढलं. आणि सुरुवातीच्या एक-दोन पानांतच काय भेटावं? कॉल!

स्पेलिंग वेगळं. सी-ए-यू-एल. उच्चार मात्र तोच, आपल्या कॉलसारखा. डेव्हिड सांगतो की माझा जन्म कॉलसकट झाला, आणि तो कॉल विकायला काढल्याची जाहिरात पेपरात दिली होती, किंमत पंधरा गिनी. मी दोनदा वाचलं. जन्माला येताना माणूस काय घेऊन येतो, आणि ते विकत कोण घेतं?

डिक्शनरी उघडली आणि मग पुस्तक बाजूलाच राहिलं. आख्खा शनिवार या एका शब्दात गेला. रविवारीही तेच डोक्यात होतं, म्हणून हे लिहायला बसलोय.

तर कॉल म्हणजे पडदा. पोटात बाळाभोवती पाण्याची जी पातळ पिशवी असते, तिचा एखादा तुकडा कधी कधी जन्माच्या वेळी बाळाच्या डोक्याला, तोंडाला चिकटून येतो. अगदी पातळ, ओलसर, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. सुईण तो हलक्या हाताने काढून टाकते. बाळाला त्याने काही होत नाही, नाकातोंडावरून वेळेत निघाला म्हणजे झालं. त्या तुकड्याला इंग्रजीत कॉल म्हणतात.

पण हा त्या शब्दाचा मूळ अर्थ नव्हेच. आधी कॉल म्हणजे बायकांची घट्ट बसणारी टोपी, किंवा केसांवर घालायची जाळी. जुन्या फ्रेंचमध्ये 'काल' म्हणजे छोटी टोपी, तिथून हा शब्द आला असावा असं बहुतेक कोशकार मानतात. १६११ सालचं इंग्रजी बायबल बघितलं तर गंमत वाटते. यशयाच्या पुस्तकात बायकांच्या दागिन्या-कपड्यांची यादी आहे, तिथे कॉल म्हणजे डोक्यावरची जाळी. लेवीयमध्ये बळीच्या जनावराचे भाग सांगताना काळजावरचा पडदा, तोही कॉल. आणि होशेयमध्ये तर हृदयाचा कॉल आहे! एकाच भाषांतरात एकाच शब्दाची तीन कामं. आमच्याकडे एकच व्हेरिएबल कुणी तीन कामांना वापरला तर कोड रिव्ह्यूत चामडी सोलतात.

तुम्ही म्हणाल, टोपीचा आणि चरबीचा काय संबंध? संबंध जाळीचा. आतड्यांवर चरबीचं एक पातळ आवरण असतं, धरून उजेडासमोर केलं तर हुबेहूब विणलेल्या जाळीसारखं दिसतं. आमच्या सांगोल्यात रविवारी बाजार असतो. लहानपणी अण्णांबरोबर मटणाच्या दुकानासमोर उभा असायचो, तेव्हा ही जाळी शेकडो वेळा बघितलीये. तिला आम्ही चरबीची जाळीच म्हणायचो. म्हणजे इंग्रजाला जे दिसलं तेच आम्हालाही दिसलं. त्याने केसांच्या जाळीवरून नाव ठेवलं, आम्ही सरळ जाळीच म्हणालो. हिशेब एकच.

आता ती पंधरा गिनींची भानगड. कॉल जवळ असला की माणूस पाण्यात बुडून मरत नाही, अशी इंग्लंडात समजूत होती. त्यामुळे खलाशी आणि जहाजाने प्रवास करणारे लोक ते विकत घ्यायचे. डिकन्सने हे मनाने रचलेलं नाही, वर्तमानपत्रांत तशा जाहिराती खरोखर छापून येत. कॉपरफील्ड १८४९-५० मध्ये हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या वाचकांना हे सगळं ओळखीचं होतं. डेव्हिडच्या कॉलला मात्र गिऱ्हाईक मिळत नाही. एकच वकील पुढे येतो, तोही दोन पौंड रोख आणि बाकीची शेरी दारू देतो म्हणणारा. शेवटी दहा वर्षांनी लॉटरी काढतात. पन्नास जण, माणशी अर्धा क्राऊन. एका म्हातारीला ती लागते. ती ब्याण्णव वर्षांची होऊन अंथरुणात सुखाने मरते, बुडून नाही. पण ती आयुष्यात कधी पाण्यावर गेलेलीच नसते! पूल ओलांडला असेल तेवढाच. समजुतीची टिंगल करावी तर अशी.

हा धंदा इंग्लंडात सुरू झाला असं मात्र नाही. रोमन बादशहांच्या एका जुन्या चरित्रसंग्रहात लिहिलंय की सुइणी हा पडदा पळवतात आणि भोळ्या वकिलांना विकतात, कारण त्याने खटले जिंकता येतात असं वकिलांना वाटतं. दोन्हीकडे वकीलच कसे सापडले देव जाणे :)

आणि बाकीच्या भाषा बघा. नशीबवान माणसाला फ्रेंच लोक म्हणतात, हा टोपी घालूनच जन्मला. पोलिश लोक म्हणतात टोपडं घालून जन्मला. इटालियन आणि रशियन म्हणतात सदरा घालून जन्मला. जर्मनमध्ये या पडद्याचं नावच 'नशिबाचं टोपडं' अशा अर्थाचं आहे. एवढ्या भाषा, एवढे देश, आणि सगळ्यांना पहिल्यांदा आठवला तो कपडाच.

इथपर्यंत वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. पॅरिसमध्ये नाही, आमच्या गोठ्यात!

मी पाचवी-सहावीत असेन. सांगोल्यापासून थोडं बाहेर आमचं घर, मागे गोठा, दोन म्हशी आणि सात-आठ शेरडं. थंडीचे दिवस. रात्री एक शेळी व्यायला लागली. आजीने मला बॅटरी धरायला उठवलं. पिलू बाहेर आलं ते तोंडावर पातळ पडदा घेऊनच. हलेना की ओरडेना. मला वाटलं मेलं. आजीने दोन बोटांनी तो पडदा नाकावरून सरकवला, तोंड पुसलं, पदराने खसाखसा अंग चोळलं, तसं ते शिंकलं. आजी हसून म्हणाली, "टोपडं घालून आलंय बग ब्येनं."

टोपडं! हा काही आमच्याकडचा ठरलेला शब्द नाही. कालच आईला फोन करून विचारलं, ती म्हणाली असं कुणी म्हणत नाही, आजी आपली सहज बोलली असेल. म्हणजे सांगोल्याच्या गोठ्यात, बॅटरीच्या उजेडात, शाळेत न गेलेल्या एका बाईने जागच्या जागी तेच रूपक काढलं जे युरोपातल्या सुइणींनी शेकडो वर्षांपूर्वी काढलं होतं. त्यांचं डिक्शनरीत गेलं. आजीचं माझ्या डोक्यात होतं, तेही एका इंग्रजी कादंबरीने ढोसल्यावर आठवलं.

इथे थांबलो असतो तर हा एक गमतीशीर लेख झाला असता. पण हा पडदा आणि आजी म्हटलं की मला दुसरी एक गोष्ट आठवते, आणि ती गमतीची नाही.

२०२३ चा पावसाळा. ताई पुण्यात, दिवस भरत आलेले, तीन आठवडे बाकी. दाजी कंपनीच्या कामाने बेंगळुरूला. मी हिंजवडीत, तिच्यापासून अर्ध्या तासावर. ताई शिकलेली, नोकरी करणारी. फोनवर ॲप, त्यात दर आठवड्याला बाळ लिंबाएवढं झालं, आंब्याएवढं झालं असं सांगणारं. सगळं वाचलेलं. एके रात्री तिला थोडं ओलसर वाटायला लागलं. तिला वाटलं या दिवसांत लघवीवर ताबा राहत नाही, तेच असेल. सकाळी तिने दवाखान्यात फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "मॅडम, वॉटर ब्रेक झालंय का?" ताई म्हणाली, नाही, तसं काही नाही. कारण 'वॉटर ब्रेक' हा शब्द तिला सिनेमातून माहीत. सिनेमात कसं असतं? नायिका उभी असते, धबकन पाणी पडतं, सगळे धावायला लागतात. हिचं तर थेंब थेंब. पलीकडची मुलगी म्हणाली, मग उद्याची अपॉइंटमेंट आहे ना, त्याच वेळी या.

मी दुपारी तिच्याकडे गेलो होतो. मलाही सांगितलं तिने, थोडं संकोचून. मी काय केलं? सर्च केलं. सगळीकडे दोन्ही लिहिलेलं, काळजीचं कारण असू शकतं, नसूही शकतं. म्हटलं उद्या जायचंच आहे.

संध्याकाळी आजीचा फोन आला, नेहमीचा, जेवलीस का विचारायला. ताईने बोलता बोलता सांगितलं. आजीचा आवाजच बदलला. "आगं, पाणमोट झिरपाय लागली का काय तुजी?"

ताईला शब्दच कळला नाही. तिने फोन स्पीकरवर टाकला. मलाही नीटसा कळला नाही. आजी चिडली. "मोट, मोट! हिरीवरची मोट बगितली न्हाई व्हय रं तू? मोट काय दरवेळी फाटतीच व्हय? शिवणीत गळती, थेंब थेंब. वर येस्तवर निम्मी व्हती. उठ, पोरीला घिऊन दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता."

गेलो. तपासलं. पाणी आदल्या रात्रीपासूनच गळत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवीला वरच्या बाजूला बारीक भोक पडलं तर असंच होतं, एकदम येत नाही, झिरपतं. आणि असं होऊन जितका वेळ जाईल तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्याच रात्री बाळ झालं. ताईला ताप होता. बाळाला सहा दिवस काचेत ठेवावं लागलं, इवल्याशा हाताला सलाइन लावलेलं. ते सहा दिवस आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

आता सगळं ठीक आहे. भाची मोठी झालीये, माझा लॅपटॉप दिसला की त्यावर बुक्क्या मारते. पण मला ते सहा दिवस विसरता येत नाहीत. मी त्यात त्या फोनवरच्या मुलीला दोष देत नाही. तिला जो प्रश्न शिकवला तो तिने विचारला. ताईला जेवढं माहीत होतं त्यावरून तिने उत्तर दिलं. प्रश्न बरोबर, उत्तर प्रामाणिक, आणि तरी मधे अठरा-वीस तास गेले. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही सिस्टिम नीट चालत होत्या, बग त्यांच्या मधल्या इंटरफेसमध्ये होता.

पाणमोट हा शब्द नीट बघा. आम्हा पोरांना आता मोट कुठे माहीत? चामड्याची मोठी पिशवी, खाली सोंडेसारखा निमुळता भाग. नाडा वरच्या चाकावरून, सोंदूर खालच्या रोळावरून. खिलारी बैलांची जोडी धावेवरून उतरली की मोट भरून वर यायची आणि थारोळ्यात ओतायची. तिथून पाटाने पिकाला. आजीच्या तरुणपणी आमच्या विहिरीवर मोट होती. नंतर इंजिन आलं, मग वीज आली आणि मोट गेली. पण ज्या बाईने वीस वर्षं मोट बघितली, तिला हे सांगावं लागत नाही की पाण्याची पिशवी दोन तऱ्हांनी निकामी होते. एक फाटून, एक झिरपून. शब्दातच ती माहिती आहे. 'वॉटर ब्रेक'मध्ये एकच तऱ्हा आहे: ब्रेक. तुटलं किंवा नाही तुटलं. हो किंवा नाही. बूलियन!

चांगल्या नावाचं आमच्या धंद्यात हेच लक्षण सांगतात. नाव वाचून ती गोष्ट कशी वागेल हे कळलं पाहिजे. पाणमोट हे तसं नाव आहे.

आता काही जण म्हणतील, अरे पण शास्त्रीय मराठीत शब्द आहे की. आहे. उल्ब. आणि त्यातलं पाणी म्हणजे उल्बद्रव किंवा गर्भजल. परिभाषा कोश करणाऱ्यांनी मेहनत घेतलीये, मी त्यांची टिंगल करणार नाही. शिवाय उल्ब हा काही काल कुणी बनवलेला शब्द नव्हे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अडतिसाव्या श्लोकात तो आहे. धुराने विस्तव झाकलेला असतो, धुळीने आरसा, उल्बाने गर्भ, तसं काहीसं. त्याच्याही आधी छांदोग्य उपनिषदात जगाच्या अंड्याची गोष्ट आहे, त्यात उल्बापासून ढग आणि धुकं झालं म्हटलंय. किती सुंदर कल्पना आहे! पण सुंदर असून उपयोग काय? माझ्या ताईला फोनवर कुणी "आपले उल्ब विदीर्ण झाले आहे का?" असं विचारलं असतं, तर तिने राँग नंबर म्हणून फोन ठेवला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण असं धरून चाललोय की शास्त्राचा शब्द म्हणजे इंग्रजी किंवा मग संस्कृत, आणि आजीचा शब्द म्हणजे गावंढळ. पण शनिवारभर त्या डिक्शनऱ्या उलटल्यावर मला दिसलं ते वेगळंच. शास्त्राचे शब्द म्हणून जे आपण भीत भीत वापरतो, ते कुणाच्या तरी आजीचेच शब्द आहेत. फक्त ती आजी दुसऱ्या गावची.

उदाहरणं देतो. प्लॅसेंटा. केवढा भारदस्त शब्द! लॅटिनमध्ये प्लॅसेंटा म्हणजे केक. पीठ, चीज आणि मध यांचे थर लावून केलेला चपटा केक. शेतीवर लिहिणाऱ्या केटो नावाच्या रोमन माणसाने त्याची कृतीच दिलीये, दोन हजार वर्षांपेक्षा जुनी. मग १५५९ मध्ये रेआल्दो कोलोंबो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या पुस्तकात वारेला हे नाव पडलं, कारण ती दिसते तशी, गोल आणि चपटी. म्हणजे आपण 'वार' हा शब्द उच्चारायला लाजतो आणि रिपोर्टवर मात्र ऐटीत 'केक' वाचतो. ॲम्निऑन, ज्याला आपण उल्ब म्हणतो, तो ग्रीक शब्द. होमरच्या ओडिसीत तो येतो तो बळीच्या जनावराचं रक्त धरायच्या भांड्यासाठी. काही लोक त्याचं नातं कोकराच्या ग्रीक नावाशीही जोडतात. भांडं घ्या नाहीतर कोकरू घ्या, दोन्ही आमच्या माणदेशातल्या कुठल्याही वाड्यावस्तीवर सापडतील. मेंदूभोवतीच्या पडद्यांना लॅटिनमध्ये 'आई' म्हणतात, एक कठीण आई आणि एक हळवी आई. तेही अरबी वैद्यांच्या शब्दांचं बाराव्या शतकात केलेलं शब्दशः भाषांतर.

केक, भांडं, आई, टोपी. यातला एकही शब्द प्रयोगशाळेत जन्मला नाही. स्वयंपाकघरात, गोठ्यात, अंगणात जन्मला, आणि कुणीतरी शिकलेल्या माणसाने तो न लाजता पुस्तकात घेतला. आपल्याकडे अडलंय ते इथेच. न लाजता.

लाजेवरून आठवलं. २०२२ च्या जूनमध्ये आमचं सांगोला एकदम जगप्रसिद्ध झालं. तेव्हाचे आमचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर बोलले आणि "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" घराघरात पोचलं. ऑफिसात मला दिवसातून दहा वेळा कुणीतरी ते ऐकवायचं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. राजकारण बाजूला ठेवा, पण हे लक्षात घ्या की लोक हसत होते ते 'डोंगार'ला आणि 'हाटील'ला. आमची बोली बातमीत येते ती विनोद म्हणून. डाळिंबं आमची चालतात, दिल्ली-कलकत्त्यापर्यंत जातात. २०२० च्या डिसेंबरात शंभरावी किसान रेल्वे निघाली तीही सांगोल्याहूनच. माल जातो, शब्द जात नाहीत. शब्द गेला तर सोबत हशा.

मी स्वतः कोण मोठा? दहावीपर्यंत मराठी शाळा, मग सोलापूरला इंजिनिअरिंग. पहिल्या वर्षी वर्गात एकदा 'हिर' म्हणालो, विहीर नाही, तर मागच्या बाकावरून महिनाभर ऐकत होतो. त्यानंतर मी माझी जीभ साफ करून घेतली. इतकी साफ की आजी 'पाणमोट' म्हणाली तेव्हा मला क्षणभर कळेना. ती किंमत मी मोजली नाही, ताईने मोजली. भाचीने मोजली.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा पूर्वीचं सगळं सोनं म्हणणारा. नाही बाबा. आजीची स्वतःची दोन लेकरं वाचली नाहीत. एक तर अशाच झिरपणाऱ्या पाणमोटीने गेलं, हे तिने त्या रात्री नाही, बऱ्याच नंतर सांगितलं. तिच्याकडे शब्द होता, पण दवाखाना नव्हता. आमच्याकडे दवाखाना होता, पण शब्द नव्हता. दोन्ही एका जागी आले तेव्हा बाळ वाचलं. आणि लक्षात घ्या, आजीने काढा सांगितला नाही, अंगारा सांगितला नाही. दवाखान्यात जा म्हणाली. शब्द जुना, सल्ला नवा. मला तेवढंच हवंय.

म्हणून काय करायचं? मोठं काही नाही. दवाखान्यात फोन उचलणाऱ्याने एकाऐवजी तीन प्रश्न विचारावेत. एकदम पाणी गेलं का? थेंब थेंब गळतंय का? कपडा सारखा ओला होतोय का? ॲप बनवणाऱ्यांनी मराठी आवृत्ती काढताना इंग्रजीवरून सरळ भाषांतर मारण्याआधी चार गावच्या चार आज्यांना आणि आशाताईंना विचारावं. आशाताई रोज हेच शब्द ऐकतात, त्यांच्याएवढा चालता-बोलता कोश दुसरा नाही. आणि आपण, म्हणजे माझ्यासारख्यांनी, दिवाळीला गावी गेल्यावर फोनमध्ये तोंड घालून बसण्याऐवजी जरा ऐकावं. कॅप्टन मोल्सवर्थ नावाचा फौजेतला इंग्रज आपल्याकडे येऊन, शास्त्रीमंडळी हाताशी धरून, मराठीचा एवढा मोठा कोश करून गेला. १८३१ मध्ये पहिली आवृत्ती, १८५७ मध्ये दुसरी. तेव्हा रेकॉर्डर नव्हता. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. रविवारी रात्री सहज ज्ञानेश्वरी उघडली, गीतेच्या त्याच श्लोकावर माउलींनी काय लिहिलंय बघायला. वाटलं होतं तिथेही नुसतं उल्बच असेल. तर त्यांनी उल्बाला 'खोळ' म्हटलंय. खोळ! पावसात पोत्याचं एक टोक दुसऱ्यात सारून डोक्यावर घेतात, मेंढकं घोंगड्याची करतात, ती खोळ. १२९० सालचा ग्रंथ. इंग्रजांची टोपी, पोलंडचं टोपडं, आजीचं टोपडं आणि माउलींची खोळ. संस्कृत शब्द त्यांनाही माहीत होता, तो त्यांनी टाकला नाही. पण शेजारी मेंढक्याची खोळ ठेवली, म्हणजे ऐकणाऱ्याला कळावं. सातशे वर्षांपूर्वी कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटतो?

आत्ता हे लिहून झाल्यावर आजीला फोन लावला. म्हटलं, आजी, तुझ्यावर लिहिलंय. ती म्हणाली, "माज्यावर काय लिवायचं रं, म्या काय केलं?" मी म्हटलं, मोटेचं सांग. नाड्याचं, सोंदूराचं, सगळं. पहिल्यापासून सांग, मी रेकॉर्ड करतोय.

"आत्ता?" म्हणाली. "म्हशीची धार काढायचीया. नंतर कर."

करतो. अर्ध्या तासाने परत लावतो. या वीकेंडचा हा एकच कॉल.